रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडातला कापूस मुंबईला कसा जायचा आणि रेल्वेने नेमकं काय बदललं?

बैलांच्या पाठीवर किंवा बैलगाडीने जायचा, आणि वाफेच्या गाडीने आठवड्यांचा हा प्रवास थोड्या दिवसांवर आणला. त्याहून मोठा बदल मात्र दिशेचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा पुष्कळ कापूस मुंबईकडे येतच नसे. तो बैलांच्या तांड्यांवरून मिर्झापूरला आणि तिथून गंगेने कलकत्त्याकडे जाई. वाटेत धूळ बसायची, अवकाळी पाऊस लागला की गाठी भिजायच्या, आणि पावसाळ्यात तर काळ्या मातीत चाकच रुतायचं. पुढे हळूहळू मुंबईची वाट रुळली, पण तीही घाट उतरूनच. १८६५ मध्ये थळ घाटातून रूळ गेले, १८६७ मध्ये गाडी भुसावळ, बडनेऱ्यामार्गे नागपूरला पोचली आणि सगळा ओघ पश्चिमेला वळला. खामगावची बाजारपेठ तर एवढी मोठी की १८७० मध्ये जलंबहून खास तिच्यासाठी फाटा काढला. मग स्टेशनांच्या आसपास सरकी काढायचे जिन आणि गाठी बांधायचे प्रेस आले. मोकळा कापूस डब्यात फार जागा खातो, म्हणून तो इथेच दाबून पाठवणं परवडायचं.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या: कापसाच्या भावातली प्रसिद्ध तेजी रेल्वेची नव्हे. ती १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीमुळे आली. नागपूरला गाडी पोचेपर्यंत ती ओसरलीही होती.