किल्ली कोणाकडे राहिली?

चिपळूण

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण पोचलं. पहिल्या पानावर इराकवरच्या अमेरिकी स्वारीला तू ‘साम्राज्यवाद’ म्हटलंस, चौथ्या पानावर तिचा ‘हस्तक्षेप’ झाला आणि शेवटी ‘वादग्रस्त लष्करी कारवाई’. मार्गदर्शकांनी तांबड्या पेनने शब्द खोडला म्हणून तू कच खाल्लीस असं मला वाटत नाही. तू खरंच अडकली आहेस. ‘काका, सद्दाम क्रूर होताच ना? मग त्याला हटवणाऱ्याला साम्राज्यवादी कसं म्हणायचं? आणि अमेरिकेने इराक आपल्या नकाशात थोडाच घातला?’ हे वाचून मी बराच वेळ ओटीवर नुसता बसून होतो. तू ज्याचे प्रश्न केलेस, ते मी २००३ साली कुवेतमध्ये बसून ठाम विधानं म्हणून लिहिलं होतं. तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकात ते छापून आलं. अंकाची प्रत माझ्या कपाटात आहे. आलीस की दाखवीन.

माझी कुवेतची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामचे रणगाडे शहरात शिरले तेव्हा मी एका बांधकाम कंपनीत हिशेब बघत होतो. बँका बंद, चार वर्षांची शिल्लक नुसती पासबुकात. बसने बगदाद, तिथून जॉर्डनची सीमा, वाळवंटातल्या छावणीत अकरा दिवस, मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान. त्या विमानांनी लाखाहून अधिक भारतीय घरी आणले, त्यातला मी एक. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने कुवेत मोकळा झाला. वर्षभरात मी पुन्हा त्याच टेबलावर बसलो. बुडाली म्हणून सोडलेली शिल्लकसुद्धा हाती आली. ज्याने आपलं घर सोडवून दिलं त्याच्याविषयी वाकडं बोलवत नाही गं. म्हणून मार्च २००३ मध्ये त्याच फौजा कुवेतमधून उत्तरेला निघाल्या तेव्हा मला मनापासून वाटलं, आता इराकी माणसालाही त्याचं घर परत मिळेल.

मी चुकलो. फौज कशासाठी आली, तिच्यासमोरचा माणूस किती दुष्ट होता, एवढंच मी बघत बसलो. गल्ल्याची किल्ली कोणाकडे गेली ते बघितलं नाही. आणि माझा धंदा हिशेबाचा!

ते दाखवून दिलं इराकमधल्या बसऱ्याच्या एका ठेकेदाराने. २००३ च्या हिवाळ्यात आमच्या कंपनीला सीमेपलीकडची कामं मिळाली होती, तिसऱ्या-चौथ्या हाताने आलेली. हा माणूस माझ्याच वयाचा, बिलं घेऊन यायचा. एकदा त्याने विचारलं, हे पैसे येतात कुठल्या खात्यातून? मला सांगता येईना. वरच्या कंपनीकडून येतात, म्हणालो. त्याने बिलाच्या पाठीवर मला खतावणी मांडून दाखवली. तेल बसऱ्याचं. त्याची रक्कम जमा होते न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात. खात्यातून खर्च टाकण्याचा अधिकार बगदादमधल्या अमेरिकी प्रशासकाचा. मग ती रक्कम चार ठेकेदारांच्या हातून झिरपत त्याच्या गावच्या शाळेच्या छपरापर्यंत येते. तो रागावला नव्हता. मला समजावं एवढंच त्याला हवं होतं. त्या रात्री मी पहिल्यांदा कागद मागवून वाचायला लागलो.

तूही वाच. तुझ्या टिपणात पुस्तकं सतरा आणि मूळ कागद एकही नाही, याचा मला राग आला आहे. २२ मे २००३ चा सुरक्षा परिषदेचा १४८३ क्रमांकाचा ठराव काढ. त्यात अमेरिका आणि ब्रिटन यांना ‘ताबा असलेल्या सत्ता’ म्हटलं आहे आणि इराकच्या तेलाच्या उत्पन्नासाठी विकास निधी उघडला आहे. तो निधी कसा वापरायचा हे ठरवणार ताबा घेणारे. मग बगदादमधले ते अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी काढलेले आदेश एकेक करून वाच. १६ मेचा पहिला आदेश: सद्दामच्या बाथ पक्षाच्या माणसांना नोकऱ्यांतून काढा. २३ मेचा दुसरा: इराकी सैन्य बरखास्त. सप्टेंबरमधला ३९ वा: परदेशी माणसाला इराकी उद्योगाची शंभर टक्के मालकी घेता येईल आणि नफा सगळाच्या सगळा बाहेर नेता येईल. तेलविहिरी, बँका आणि विमा एवढं त्यातून वगळलं होतं. हेग इथल्या १९०७ च्या आंतरराष्ट्रीय युद्धनियमांप्रमाणे ताबा घेणाऱ्याने, अगदीच अशक्य असल्याखेरीज, त्या देशाचे चालू कायदे पाळायचे असतात. इथे एका देशाचं अर्थकारण कसं चालावं ते त्या देशाच्या एकाही मतदाराला न विचारता बदललं गेलं.

आणि हिशेब? जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेच्याच खास महानिरीक्षकांनी अहवाल दिला की त्या निधीतून इराकी मंत्रालयांना दिलेल्या ८.८ अब्ज डॉलर्सवर पुरेशी देखरेख नव्हती. ८.८ अब्ज. मी आयुष्यभर चहापाण्याचं व्हाउचर नसलं तर माणसाला परत पाठवलं. ही रक्कम अमेरिकेने इराकला दिलेली मदत नव्हती. ती इराकच्याच तेलाची होती. दुसऱ्याचा गल्ला उघडायचा, खर्च करायचा आणि त्याला पावतीही द्यायची नाही, याला तुझे मार्गदर्शक कुठला शब्द सुचवतात ते मला कळव.

आता तुझा नकाशाचा मुद्दा. तो तू कोकणातल्या मुलीने काढावास याचं मला नवल वाटतं. वसई किती लांब आहे आपल्यापासून? २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरले, वसईला गेले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी तह केला. कोणी जबरदस्तीने आत घुसलं नव्हतं, त्यांनीच बोलावलं. पाच महिन्यांत आर्थर वेलस्लीने त्यांना पुण्याच्या गादीवर आणून बसवलं. नकाशावर पेशवाई होती तशीच होती. मुद्रा पेशव्यांची, दरबार पेशव्यांचा, रमणा पेशव्यांचा. पण सहा हजार कवायती पायदळ ईस्ट इंडिया कंपनीचं, त्याच्या खर्चाला वर्षाला २६ लाखांचा मुलूख तोडून दिलेला, आणि परराज्याशी बोलायचं तर कंपनीला विचारून. तहाच्या कागदावर शब्द मैत्रीचेच आहेत. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं ते १७ नोव्हेंबर १८१७ ला. तू नकाशा बघत बसली असतीस तर १८१७ पर्यंत तुला साम्राज्य दिसलंच नसतं. आपण शाळेत ‘तैनाती फौज’ पाच गुणांसाठी पाठ केली आणि विसरलो. मीसुद्धा. बसऱ्याच्या माणसाने खतावणी मांडली तेव्हा मला ती आठवली.

म्हणून सांगतो, किल्ली बघ. बोलावलं होतं की घुसले, राजा चांगला होता की दुष्ट, झेंडा बदलला की तोच राहिला, हे सगळं मागाहून. आधी किल्ली.

हैतीचं बघ. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिक पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरले आणि तिथल्या राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलर्सचं सोनं न्यूयॉर्कला घेऊन गेले. फौज कायमची उतरली ती पुढच्या जुलैत. आधी तिजोरी, मग सैन्य! सैन्य १९३४ ला गेलं; पैशावरची अमेरिकी देखरेख १९४७ पर्यंत होती. ही मधली १३ वर्षं तुझ्या टिपणात यायला हवीत, कारण सैनिक एकही नसताना किल्ली बाहेर राहू शकते हे तिथे उघड दिसतं. इराणमध्ये १९५१ ला तेलाचं राष्ट्रीयीकरण झालं, ऑगस्ट १९५३ मध्ये तिथले पंतप्रधान मोसाद्देक यांना अमेरिका-ब्रिटनने उलथवलं, आणि १९५४ च्या नव्या तेल-करारात अमेरिकी कंपन्यांचा वाटा ४० टक्के. त्याआधी तो शून्य होता.

पण सगळीकडे एकच शिक्का मारत सुटू नकोस. तुझ्या वर्गातली ती दोन-तीन मुलं करतात तसं करू नकोस. ‘साम्राज्यवादी’ हा शब्द देशाच्या जन्मपत्रिकेत लिहायचा नसतो, त्या-त्या कृत्याला लावायचा असतो. कुवेतचा गल्ला १९९१ नंतर कुवेतकडेच राहिला. अमेरिकेला तिथल्या तेलाची काळजी होती म्हणूनच ती आली, हे मला मान्य आहे, तळही राहिले. तरी किल्ली परत मिळाली आणि मी त्या युद्धाला साम्राज्यवाद म्हणणार नाही. हे माझं घर वाचलं म्हणून म्हणतोय असं तुला वाटेल. वाटू दे. मी ते पुन्हा पुन्हा तपासलं आहे.

दुसरी खूण म्हणजे ‘जा’ म्हटल्यावर काय होतं. फिलिपिन्सच्या सिनेटने १६ सप्टेंबर १९९१ ला १२ विरुद्ध ११ मतांनी तळांचा नवा करार फेटाळला आणि पुढच्या वर्षी अमेरिकी नौदल सुबिक बे सोडून गेलं. क्युबात ग्वांतानामोच्या अमेरिकी तळाची जागा १९०३ पासून भाडेपट्ट्याने आहे आणि १९३४ च्या करारानुसार दोघांची संमती असेल किंवा अमेरिकेने स्वतः जागा सोडली तरच तो संपतो. क्युबा कित्येक दशकं ‘जा’ म्हणतोय. भाड्याचा वर्षाचा चार हजार डॉलर्सचा चेक तो वटवतही नाही. इराकमध्ये दोन्ही घडलं. २०११ मध्ये सैनिकांना तिथल्या कायद्यापासून संरक्षण द्यायला इराकी पुढारी तयार झाले नाहीत, तेव्हा फौज निघाली. पुढे आयसिसशी लढायला ती बगदादच्याच बोलावण्यावरून परत आली. ५ जानेवारी २०२० ला इराकी संसदेने परदेशी फौजांनी जावं असा ठराव केला तेव्हा मात्र बातमी आली की फौज घालवलीत तर न्यूयॉर्कचं खातं वापरता येणार नाही असा इशारा वॉशिंग्टनने दिला आहे. स्वारीला १७ वर्षं होत आली होती. मी पेपर खाली ठेवला आणि त्या ठेकेदाराची खतावणी शोधली. बिलाच्या पाठीवरची ती आकृती मी जपून ठेवली आहे.

आणि हाच गज रशियालाही लाव. १९५६ मध्ये ब्रिटन-फ्रान्सने सुएझवर हल्ला केला तेव्हा आपल्या देशाने ताडकन आवाज उठवला आणि सोव्हिएत रणगाडे हंगेरीत शिरले तेव्हा चाचरला. ते मला लाजिरवाणं वाटतं. युक्रेनच्या ज्या भागात रशियाने आपलं चलन, आपले पासपोर्ट आणि आपले न्यायाधीश नेले तिथे किल्ली कोणाची हे विचारायला पुस्तक लागत नाही. तुझ्या टिपणात त्यावर एक ओळ नाही. का नाही? मार्गदर्शकांना आवडणार नाही म्हणून की मित्रांना आवडणार नाही म्हणून? दोन्ही कारणं मला नकोत.

तू विचारलंस, इतकं कळल्यावर तुम्ही ती नोकरी सोडलीत का? नाही सोडली. घराचे हप्ते होते, आईचं डायलिसिस होतं, धाकट्या भावाचं शिक्षण होतं. मी सोडून तिथे काही बदललं नसतं. दुसऱ्या कोणी त्याच खुर्चीत बसून तीच बिलं पास केली असती, कदाचित खोटीही. माझ्या हातून एकही खोटं बिल गेलं नाही, हे मी आजही ताठ मानेने सांगतो. पण दिवाळी अंकाला दुसरं पत्र लिहून ‘माझं चुकलं’ म्हणता आलं असतं. त्याला पैसे पडत नव्हते आणि नोकरीही जात नव्हती. ते मी लिहिलं नाही. एप्रिल २००३ मध्ये आपल्या संसदेने त्या आक्रमणाची निंदा केली आणि जुलैत इराकला सैन्य पाठवायला सरकारने नकार दिला. माझ्या देशाला जे दिसलं ते सीमेला लागून राहणाऱ्या मलाही पुढे दिसलं, तरी मी गप्प राहिलो. त्या ठेकेदाराचं येणं २००६ मध्ये थांबलं. पुढे त्याचं काय झालं मला कळलं नाही.

अमेरिकेत शिकायला जाऊ की नको, हे तू शेवटच्या ओळीत हळूच विचारलं आहेस. जा. त्या महानिरीक्षकाचा अहवाल तिथल्याच लोकांनी लिहिला आणि तिथल्याच लोकांनी तो सगळ्यांना वाचायला ठेवला. तो तिथे बसून वाच. तिथली भाकरी खाल्लीस म्हणून शब्द गिळू नकोस, मी कुवेतमध्ये गिळला तसा.

आता कामाचं. दुसरं प्रकरण पुन्हा लिही. तू सुरुवात २८ जून २००४ च्या सत्तांतराच्या समारंभाने केली आहेस, ते काढ. त्याच्या आदल्या दिवशी, २७ जूनला, ब्रेमर यांनी १७ क्रमांकाचा आदेश सुधारून पुन्हा काढला. परदेशी फौजांवर, आणि ठेक्याच्या कामापुरता परदेशी ठेकेदारांवर, इराकी न्यायालयात खटला चालणार नाही असा. सप्टेंबर २००७ मध्ये बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या खासगी अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांच्या गोळ्यांनी १७ माणसं मेली तेव्हा इराकी न्यायाधीशाचे हात त्या कागदाने बांधलेले होते. तेव्हा आधी २७ जून लिही, मग २८. शब्द कोणता वापरायचा ते त्यानंतर ठरव आणि ठरवलास की शेवटच्या पानापर्यंत तोच ठेव.

रविवारपर्यंत पाठव. बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका