सर्जरीची नवीन रेसिडेन्सी, अजून एकही बॅच बाहेर पडलेली नाही, रँक लिस्टमध्ये वर ठेवू का?

डॉक्टर, तुमचा मेल दोनदा वाचला. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही एमबीबीएस करून जे-१, म्हणजे ट्रेनिंगसाठी येणाऱ्यांच्या, व्हिसावर अमेरिकेत आलात, सध्या एका हॉस्पिटलमध्ये जनरल सर्जरीचं प्रिलिमिनरी वर्ष (प्रिलिम, म्हणजे पुढच्या सीटची हमी नसलेलं एकच वर्ष) करताय, आणि पुढच्या मॅचसाठी, म्हणजे डॉक्टर आणि प्रोग्राम दोघांच्या पसंतीच्या याद्या (रँक लिस्ट) जुळवून रेसिडेन्सीच्या, म्हणजे स्पेशालिस्ट व्हायच्या ट्रेनिंगच्या, जागा ठरतात त्यासाठी, हातात दोनच खरे पर्याय आहेत. एक नवीन कॅटेगोरिकल प्रोग्राम, म्हणजे पाच वर्षांची पूर्ण सीट, पण तो सुरू होऊन दोनच वर्षं झालीत आणि एसीजीएमईचं, म्हणजे रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या संस्थेचं, फक्त इनिशियल अ‍ॅक्रेडिटेशन आहे. दुसरा जुना, नावाजलेला, पण तिथे परत एक वर्षाचं प्रिलिमच. सीनिअर म्हणतात नवीन ठिकाणी जाऊ नकोस, बंद पडलं तर मधेच अडकशील. तुम्ही विचारताय की या प्रोग्रामवर विश्वास ठेवायचा का, बंद पडला तर कायद्याने हातात काय उरतं, आणि मॅच झाल्यावर मन बदललं तर काय.

माझं मत आधीच सांगून टाकतो: नवीन कॅटेगोरिकल वर ठेवा, पण लिस्ट सर्टिफाय, म्हणजे पक्की, करण्याआधी काही कागद हातात घेऊन, आणि ते मिळाले नाहीत तर परत विचार करा.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. रँक लिस्टमध्ये नाव टाकून सर्टिफाय केलं की ती सहीच समजा. मॅच झालं की ते तुमच्यावर आणि प्रोग्रामवर दोघांवर बंधनकारक असतं, तुम्ही आणि प्रोग्राम डायरेक्टर दोघंही "जाऊ दे, नको" म्हणालात तरी चालत नाही, सूट फक्त मॅच चालवणारी संस्था, एनआरएमपी, देऊ शकते. कराराच्या सुरुवातीच्या तारखेपासून ४५ दिवसांच्या आत सोडलंत तर तोही भंगच धरतात, आणि त्याची शिक्षा म्हणजे पुढच्या मॅचवर बंदी. म्हणजे तुमची सौदा करायची ताकद आज आहे, मार्चनंतर नाही. आणि आजच तुम्हाला मागायचा हक्क पण आहे, कारण मॅचच्या करारानुसार प्रोग्रामने रँक लिस्टच्या मुदतीआधी तुम्हाला सही करावी लागणार असलेल्या कराराची प्रत आणि व्हिसाबद्दलचं धोरण द्यायचंच असतं. तुम्ही लिहिलंय की मागायला लाज वाटते, वाईट दिसेल. अजिबात नाही. मागितल्यावर चिडणारा प्रोग्राम असेल तर तीच तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी माहिती.

आता हिशोब. हा तुमच्या सीनिअरनी केलाच नाहीये. सर्जनना प्रमाणपत्र देणारं अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरी पाच वर्षांचं ट्रेनिंग जास्तीत जास्त तीन प्रोग्राममध्ये धरतं आणि शेवटची दोन वर्षं, म्हणजे चौथं आणि पाचवं, एकाच प्रोग्राममध्ये लागतात. तुमच्या सध्याच्या प्रिलिमचं वर्ष पुढे मोजलं गेलं तर तो एक झाला. नवीन कॅटेगोरिकलला गेलात तर तो दुसरा, आणि काही बिघडलं तर तिसरा हातात शिल्लक राहतो. उलट नावाजलेल्या ठिकाणी परत प्रिलिम केलंत तर दुसरा संपला, मग जिथे कॅटेगोरिकल मिळेल तो तिसरा आणि शेवटचा, तिथे काही झालं तर मागे काही नाही. शिवाय जे-१ वर डॉक्टरला साधारण सात वर्षांची मर्यादा असते. प्रिलिम मोजलं गेलं नाही आणि पाच वर्षं पहिल्यापासून करावी लागली तर एक अधिक पाच सहा होतात, दोन अधिक पाच सात होतात, फेलोशिपचं, म्हणजे त्यापुढच्या खास शाखेच्या ट्रेनिंगचं, नावच काढता येत नाही. त्यात मेडिकेअर, म्हणजे हॉस्पिटलला रेसिडेंटच्या ट्रेनिंगचे पैसे देणारी सरकारी विमा योजना, जनरल सर्जरीच्या रेसिडेंटला पाचच वर्षं पूर्ण धरतं, त्यानंतर डायरेक्ट पेमेंटमध्ये (ट्रेनिंगच्या थेट खर्चाच्या पैशात) अर्धंच मोजतं, त्यामुळे प्रिलिमची वर्षं वाढत गेली की पुढच्या हॉस्पिटलला तुम्ही थोड्या महागच पडता. नाव मोठं असलं तरी प्रिलिमचा करार एका वर्षाचा, पुढच्या सीटबद्दल त्यात एक शब्द नसतो. माझ्याकडे अशी एक डॉक्टर आली होती जिला "पुढच्या वर्षी तुला आत घेऊ" असं तोंडी सांगितलं होतं, जून आला आणि सीट दुसऱ्याला गेली, मी करार काढला तर त्यात सरळ लिहिलेलं की या कागदात आहे तेवढंच दोघांमध्ये ठरलंय. तोंडी शब्द तिथेच संपतो, मला तिच्यासाठी काहीही करता आलं नाही.

तर कागद दोन्हीकडे बघायचाच, पण नवीन ठिकाणी तो जास्त काळजीपूर्वक.

टिकेल का हे ओळखायचं तर मी प्रोग्रामपेक्षा हॉस्पिटलकडे बघतो. प्रोग्राम नवीन असणं हा धोका नाही, हॉस्पिटलचे पैसे संपणं हा धोका आहे, आणि ते जुन्या हॉस्पिटलचे पण संपतात. फिलाडेल्फियातलं हाहनेमन हॉस्पिटल दीडशे वर्षांहून जुनं होतं, २०१९ च्या जूनमध्ये बंद करतोय म्हणून जाहीर केलं आणि लगेच दिवाळखोरीचा अर्ज, साडेपाचशेहून जास्त रेसिडेंट आणि फेलो एका फटक्यात बाहेर. त्यांच्या जागा लिलावात साडेपाच कोटी डॉलरला विकायचा प्रयत्न झाला, मेडिकेअर चालवणाऱ्या सरकारी खात्याने कोर्टात विरोध केला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विम्याचा प्रश्न. तिथला मालप्रॅक्टिस विमा, म्हणजे उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा, क्लेम्स-मेड प्रकारचा होता, म्हणजे दावा दाखल होतो त्या वेळी पॉलिसी चालू पाहिजे, सर्जरी कधी केली त्यावर नाही. हॉस्पिटल बंद, पॉलिसी बंद, आणि तुम्ही तीन वर्षांपूर्वी केलेल्या ऑपरेशनचा दावा उद्या आला तर? त्यासाठी जो शेपटीसारखा मागे राहणारा विमा लागतो, टेल कव्हरेज, त्याचे पैसे कोण भरणार यावरून वाद पेटला. रेसिडेंटचा यात काय दोष होता, हे आठवलं की मला आजही संताप येतो.

एसीजीएमईचा नियम असा आहे की विमा ट्रेनिंगच्या काळातल्या कामासाठी ट्रेनिंग संपल्यानंतर पण लागू राहिला पाहिजे. नियम आहे, पण पैसे नसतील तर नियम कोण पाळणार? म्हणून तुमच्या करारात हे पान मी पहिलं उघडेन: पॉलिसी ऑकरन्स प्रकारची (काम केलं तेव्हा चालू असली की पुरे) आहे की क्लेम्स-मेड, क्लेम्स-मेड असेल तर टेल कोण भरणार, आणि हॉस्पिटल विकलं गेलं किंवा बंद झालं तर काय. ऑकरन्स असेल तर निम्मी काळजी गेली समजा.

बंद पडलं तर तुमचे हक्क काय, तर प्रोग्राम किंवा सीट कमी करायचं ठरलं की संस्थेने रेसिडेंटना शक्य तितक्या लवकर कळवायचं, आणि एकतर ट्रेनिंग पूर्ण करू द्यायचं नाहीतर दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रोग्राममध्ये जायला मदत करायची. या धोरणाची लेखी प्रत संस्थेकडे असलीच पाहिजे, ती मागा. पण "मदत करू" हा शब्द फार ढिला आहे, आणि यात एक बारकावा आहे जो डॉक्टरांना कुणी सांगत नाही. मेडिकेअर १९९७ च्या कायद्यापासून हॉस्पिटलला किती रेसिडेंटचे पैसे मिळतील त्यावर मर्यादा घालतं. आख्खं हॉस्पिटल बंद झालं तर तुम्हाला घेणाऱ्या हॉस्पिटलला तात्पुरती वाढीव मर्यादा अर्ज करून मिळू शकते. पण हॉस्पिटल चालू आणि फक्त सर्जरीचा प्रोग्राम बंद झाला, तर ती वाढ मिळायला बंद करणाऱ्या हॉस्पिटलने स्वतःची मर्यादा तेवढ्यापुरती कमी करायला लेखी संमती द्यावी लागते. ती नाही दिली तर तुम्ही दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये पैसे नसलेला माणूस म्हणून उभे राहता. म्हणून मी करारात किंवा वेगळ्या पत्रात एक ओळ मागतो, प्रोग्राम बंद झाल्यास अशी संमती संस्था देईल. सगळे देत नाहीत. पण विचारल्यावर समोरच्याचा चेहरा, म्हणजे ईमेलचा सूर, बरंच काही सांगतो.

याच मर्यादेमुळे नवीन हॉस्पिटलच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. ज्या हॉस्पिटलमध्ये पूर्वी कधीच रेसिडेन्सी नव्हती, त्याची मर्यादा पहिल्या नवीन प्रोग्रामपासूनच्या पाच वर्षांच्या काळात जितके रेसिडेंट असतील त्यावरून कायमची ठरते. म्हणजे या काळात हॉस्पिटलला तुम्ही हवेच असता, माझ्या मते प्रोग्राम टिकवून ठेवायचा त्यांचा हा सगळ्यात खरा हेतू. म्हणून विचारा: हे हॉस्पिटल पूर्वी ट्रेनिंग देत होतं का, सर्जरी हा इथला पहिला प्रोग्राम का, आणि त्या पाच वर्षांपैकी कितवं चालू आहे.

जे-१ मुळे तुमची घाई दुप्पट आहे. व्हिसाची स्पॉन्सर ईसीएफएमजी, म्हणजे परदेशी पदवीच्या डॉक्टरांसाठीची संस्था, आहे आणि डीएस-२०१९ हा व्हिसाचा कागद त्या प्रोग्रामशी बांधलेला असतो, प्रोग्राम गेला की घड्याळ सुरू. हाहनेमनमध्ये जे-१ वाल्यांची सगळ्यात जास्त ओढाताण याच कारणाने झाली. तेव्हा तशी वेळ आली तर वकिलाला नंतर, ईसीएफएमजीला त्याच दिवशी कळवा.

आता नावलौकिक. नवीन प्रोग्रामचा बोर्ड पास होण्याचा रेकॉर्ड नसतोच, फेलोशिपला कुठे गेले हेही नसतं, त्यामुळे "रेप्युटेशन कसं आहे" या प्रश्नाला आज खरं उत्तर कुणाकडेच नाही, जे ठासून वाईट सांगतात त्यांच्याकडेही नाही. पण मोजता येतं असं काही आहे. बोर्डाला पाच वर्षांत ८५० ऑपरेशन लागतात, त्यातली २०० चीफच्या, म्हणजे शेवटच्या, वर्षात. दुसऱ्या वर्षातल्या रेसिडेंटला एकट्याला गाठून विचारा, आजपर्यंत लॉगमध्ये किती आहेत आणि त्यातल्या किती तू स्वतः केल्यास, मागे उभं राहून नाही. कुणी सोडून गेलं का, प्रोग्राम डायरेक्टर बदलला का, ट्रॉमा आणि पेडियाट्रिकसाठी दुसऱ्या हॉस्पिटलशी लेखी करार झालाय की "बोलणं चालू आहे". बोलणं चालू आहे म्हणजे नाही, असंच धरा. इनिशियल अ‍ॅक्रेडिटेशननंतर साधारण दोन वर्षांत साइट व्हिजिट होते, म्हणजे यांची आत्ताच येणार किंवा होऊन गेली, तर ती झाली का आणि त्यात कुठली सायटेशन, म्हणजे त्रुटींच्या नोंदी, निघाली हे विचारा. स्टेटस काय आहे ते एसीजीएमईच्या सार्वजनिक नोंदीत तुम्ही आजच बघू शकता, तिथे 'वॉर्निंग' हा शब्द दिसला तर मला लगेच कळवा.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा. तुम्ही तिसरी बॅच असाल, म्हणजे त्यांची पहिली बॅच बाहेर पडेल तेव्हा तुमचं तिसरं वर्ष संपत असेल, आणि बोर्डाच्या शेवटच्या दोन वर्षांच्या नियमामुळे बदलायचं असेल तर तीच शेवटची वेळ. चौथ्या वर्षात पाय टाकला की तिथेच संपवायचं.

कराराची एक गोष्ट राहिली: कॅटेगोरिकलचा करारही दर वर्षीच नव्याने होतो, पाच वर्षांचा नसतो, याला घाबरू नका. पण नूतनीकरण नाकारलं तर कारण ऐकून घ्यायची आणि दाद मागायची पद्धत लिहिलेली आहे का ते बघा, असलीच पाहिजे. आणि ट्रेनिंगनंतर आसपास प्रॅक्टिस करायची नाही असं कलम दिसलं तर खोडायला सांगा, एसीजीएमईच्या नियमात ते चालतच नाही.

मेल आज रात्रीच करा, कोऑर्डिनेटरला आणि ग्रॅज्युएट मेडिकल एज्युकेशनच्या ऑफिसला एकत्र, चार ओळींचा: कराराची प्रत, प्रोग्राम बंद झाल्यास लागू होणारं धोरण, विम्याचं पत्र, बाहेरच्या रोटेशनच्या करारांची यादी. कुठल्या नंबरवर त्यांना ठेवताय ते कुणी विचारलं तरी सांगू नका, तसं विचारायची त्यांना परवानगीच नाही. आलेलं सगळं मला पुढे पाठवा, विम्याचं पान वेगळं करून.