बोलणारी बाहुली घेऊ का?

प्रश्न : थोरली मुलगी अकरा वर्षांची, इथे खानापूरला मराठी शाळेत सहावीत आहे. धाकटी दुसरीत. थोरलीने माझ्या मोबाईलवर वय वाढवून इन्स्टाग्राम उघडलं आणि नाचाचे रील टाकले. ‘खूप छान नाचतेस, शाळा कुठली?’ असं कुणी अनोळखी विचारत होता. मी खूप ओरडले, तेव्हापासून ती धड बोलत नाही. मिस्टर गोव्याला कामाला असतात. पुण्याचे भाऊजी म्हणतात, इंटरनेटवर सावध राहायला शिकवणारी बोलकी खेळणी मिळतात, पाठवतो. घेऊ का?

उत्तर : ताई, आधी ते मेसेज. पुसू नका. त्या खात्याचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, मग रिपोर्ट करून ब्लॉक करा. तिने शाळेचं नाव सांगितलं असेल तर वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. त्याने फोटो मागितला असेल किंवा धमकावलं असेल, तर सायबर गुन्हे बघणारं सीईएन पोलीस ठाणं बेळगावात आहे, तिथे जा. १०९८ वरही मदत मिळते. इन्स्टाग्रामला तेरा वर्षं पूर्ण लागतात, म्हणून खातं बंद करायचं. ही शिक्षा नाही, हे तिला शांतपणे सांगा.

आता खेळणं. भाऊजींना काळजी आहे म्हणूनच ते म्हणताहेत. पण बोलणारं खेळणं ऐकतंही, आणि ऐकलेलं बऱ्याचदा इंटरनेटवरून कंपनीकडे जातं. ‘माय फ्रेंड केयला’ या बाहुलीवर जर्मनीने २०१७ मध्ये बंदी घातली. जवळपासचा कुणीही पासवर्डशिवाय ब्लूटूथने तिला मोबाईल जोडून मुलांशी बोलू शकत होता. त्याच वर्षी ‘क्लाउडपेट्स’ नावाच्या मऊ खेळण्यांतून मुलांनी आणि पालकांनी एकमेकांना पाठवलेले वीस लाखांवर आवाजी निरोप उघड्यावर पडले. परक्यांपासून जपायला आणलेल्या वस्तूनेच परके कान घरात यावेत, हे मला पटत नाही. मायक्रोफोन किंवा वाय-फाय असेल, मुलीचं नाव आणि जन्मतारीख भरून खातं उघडायला लागत असेल, तर नको म्हणा.

तरी खेळातून मुलं मोकळी होतात, हे खरंच. अकरा वर्षांच्या मुलीला बाहुल्या पोरकट वाटतील, म्हणून तिला धाकटीची मास्तरीण करा. जुन्या पायमोज्यांच्या दोन बाहुल्या करायच्या. एक शाळकरी मुलगी, ती धाकटीच्या हातात; दुसरा मोबाईलवरचा अनोळखी, तो थोरलीच्या. ‘एक फोटो पाठव ना, घरी सांगू नको,’ असं तो म्हणाला की मुलीने काय करायचं? ‘घरी सांगू नको’ ऐकलं की आईला हाक मारायची, एवढं धाकटीच्या डोक्यात बसलं तरी पुष्कळ झालं. तुम्ही भाकरी थापता थापता ऐका. थोरली त्या अनोळखीच्या तोंडी जे घालेल, त्यात तुम्हाला अजून न सांगितलेलंही असू शकतं. मध्येच ‘असं तुला कोण म्हणालं?’ म्हणून उलटतपासणी नको, नाहीतर खेळ तिथेच थांबेल. रात्री एकटीला जवळ घेऊन विचारा आणि आधीच शब्द द्या : सांगितलंस म्हणून ओरडणार नाही.

मला मात्र तुमच्या पत्रात दुसरीच गोष्ट लागली. ‘छान नाचतेस’ हे तिला परक्याने सांगितलं. घरात कुणी म्हटलं होतं का? मिस्टरांना सगळं सांगा, पण पुढच्या फोनवर त्यांनी तिला मेसेजबद्दल काही विचारू नये, नाच दाखव म्हणावं. आणि भाऊजींना कळवा, खेळण्याचे पैसे तिच्या नाचाच्या क्लासला पाठवा.