बारावीला गणितात ९४ गुण आहेत. बीएस्सी गणित घेऊ का? तिथलं गणित शाळेसारखंच असतं का?

शाळेसारखं अजिबात नसतं, आणि घोळ तिथेच होतो. बारावीपर्यंत आपण उत्तर काढतो. बीएस्सीला उत्तर बहुतेकदा आधीच छापलेलं असतं. ते खरं का, हे पटवून द्यायचं असतं.

१, १/२, १/३, १/४... ही क्रमिका शून्याकडे जाते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण रिअल अ‍ॅनालिसिसच्या (म्हणजे कॅल्क्युलसमागची कारणं तपासणाऱ्या विषयाच्या) पेपरात तेवढ्यावर भोपळा. तुम्ही ०.००१ म्हणालात तर १००१व्या पदापासून पुढची सगळी पदं त्याहून लहान, हे दाखवायचं. मग तुम्ही कितीही बारीक एप्सिलॉन (०.००१सारखी शून्याहून मोठी संख्या) दिलात तरी असं पद सापडतंच, याचंही कारण द्यायचं. हे पचायला मला अख्खं पहिलं सत्र लागलं. तोंडपाठ इंटिग्रेशन काही कामाला आलं नाही.

तेव्हा ९४ गुणांवर जाऊ नका. 'असं का?' हा प्रश्न जेवतानाही डोक्यात घोळत असेल तर बिनधास्त घ्या.

घेतलंत तर सिद्धता पाठ करू नका (पाठ करून पासही होता येतं, हीच पंचाईत). पुस्तक मिटून लिहा, अडलात की एकच ओळ बघा, परत मिटा. दुसऱ्या वर्षाला माधव गणित स्पर्धा द्या. उन्हाळ्यातल्या एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या गणित शिबिरालाही अर्ज करा. १९९३पासून चालू आहे, आणि तिथे शिक्षक उत्तर सांगण्याऐवजी उलटे प्रश्न विचारून घाम फोडतात. आयआयटीत एमएस्सी करायचं असेल तर जॅम परीक्षा असते, तिचा विचार तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला केलात तरी चालेल.