कॉल तुटला, रुपया कुठाय?

प्रश्न : कुंभार्ली घाट चढताना माझा फोन हमखास तुटतो. भाचा म्हणतो, तुटलेल्या कॉलमागे एक रुपया मिळण्याचा नियम आला होता. मग तो गेला कुठे? कंपन्यांनी कोर्ट मॅनेज केलं का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : भाचा बरोबर सांगतोय. ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाने, ऑक्टोबर २०१५मध्ये तसा नियम काढला होता. १ जानेवारी २०१६पासून फोन करणाऱ्याला तुटलेल्या कॉलमागे एक रुपया, दिवसाला फार तर तीन. दिल्ली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, पण ११ मे २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला.

त्या दिवशी मीही तुमच्यासारखाच चिडलो होतो. सगळी नोकरी दूरसंचार खात्यात गेली, त्यामुळे खासगी कंपन्यांबद्दल माझं मन तसंही फारसं साफ नाही. मग निकालपत्र वाचायला घेतलं आणि जीभ चावली. ट्रायचेच दर्जाचे नियम शंभरात दोन कॉल तुटले तर चालवून घेत होते. नवा नियम त्या दोन कॉलचेही पैसे मागत होता. पास झालेल्या पोरालाही छडी! त्यात ट्रायच्याच तांत्रिक टिपणात छापलेलं की तुटलेल्या कॉलपैकी सरासरी ३६.९ टक्के ग्राहकाच्याच बाजूने तुटतात. तरी भरपाई सरसकट कंपनीच्या माथी. कंपन्यांच्या वकिलांना पुरावा शोधायला लांब जावंच लागलं नाही. तेव्हा मॅनेज वगैरे काही नाही, ट्रायचा गृहपाठ कच्चा होता.

न्यायालयाने जाता जाता संसदेलाही सुचवलं की अमेरिकेतल्यासारखा कायदा करा : नियमाचा मसुदा आधी लोकांपुढे ठेवायचा, हरकती घ्यायच्या आणि कारणं देऊन मग ठरवायचं. तसा कायदा काही झाला नाही.

मला खुपतं ते पुढचं. तोंड पोळल्यावर ट्रायने ग्राहकाच्या खिशाचा नादच सोडला. २०१७मध्ये कॉल ड्रॉपसाठी कंपन्यांना दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली, पण तो दंड जातो सरकारकडे. तुमच्या खात्यात छदामही नाही. २०२४च्या नियमांत भरपाई आहे, पण जिल्ह्यात सेवा २४ तासांहून जास्त बंद पडली तर : पोस्टपेडला भाड्यात सूट, प्रीपेडला मुदतवाढ. घाटातल्या वळणावर तुटलेला कॉल त्यात बसत नाही.

तरी एक दार उघडं आहे. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केलंय. आधी कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक घ्या, मग कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. आणि महिनाभर वहीत लिहून ठेवा : तारीख, वेळ, पोफळीच्या पुढे कितव्या वळणावर. नुसतं ‘घाटात रेंज नसते’ म्हणालात, तर समोरचा वकील तुम्हालाच त्या ३६.९ टक्क्यांत ढकलेल.