सोडतीत नाव आलं नाही, मीच कमी पडले का?

आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी खासगी शाळांत ठेवलेल्या जागांची, सोडत निघाली की माझ्याकडे एक प्रश्न ठरलेला येतो: ‘मुलाचं नाव लागलं नाही. मी कुठे कमी पडले?’ विचारणाऱ्या बहुतेक आयाच. बाप सरकारला चार शिव्या घालतात आणि रात्री झोपतात.

2024 साली आलेली एक आई शिवणकाम करणारी, नवरा रिक्षावर. तिची झोप उडाली होती, मुलावर विनाकारण ओरडणं वाढलं होतं.

‘फॉर्म भरायला उशीर केला, ताई. पहिल्याच दिवशी भरला असता तर...’

‘मुदतीत भरला होता ना? मग सोडतीला पहिला काय नि शेवटचा काय!’

पुढच्या भेटीत ती नवं कारण घेऊन आली, त्यापुढच्या भेटीत आणखी एक. शेवटी मी तिच्याकडूनच कागदावर लिहून घेतलं, हे सगळं कोण ठरवतं. खासगी विनाअनुदानित शाळेत अशा मुलांसाठी 25 टक्के जागा: कायदा. त्या मुलांच्या फीपोटी शाळेला वर्षाला 17,670 रुपये, तेही अनेकदा थकलेले: सरकार. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा ठेवण्यातून सूट, हा फेब्रुवारीतला बदल: पुन्हा सरकार. तो जुलैत रद्द केला उच्च न्यायालयाने.

तिने कागद दोनदा वाचला. ‘यात माझं नाव कुठेच नाही.’ मग आवाज चढला. ‘जागाच कमी ठेवल्या आणि रात्र रात्र मी जागायची?’

तो राग ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करते. घटनेपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. पण अर्थ बदलायचा म्हणजे आहे ते गोड मानून घ्यायचं, असं मुळीच नाही. अपराधी वाटणारा माणूस स्वतःलाच बोल लावत बसतो. रागावलेला निदान जाब कोणाला विचारायचा ते शोधतो.

तेव्हा पालकांनो, प्रतीक्षा यादी आणि तिच्या तारखा बघत राहा. तोवर पालिकेच्या शाळेत नाव घाला. जन्मदाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आणि शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याने तिथे 75 टक्के पालक लागतात, सदस्यांत निम्म्या बायका. ही समिती शाळेचा विकास आराखडा करते आणि सरकारी नियोजन व अनुदान त्याच्या आधारे व्हावं, असं कायद्यात लिहिलंय. वर्गखोली कमी असेल, शिक्षक नसेल, तर ते त्या आराखड्यात आलंच पाहिजे. बहुतेक ठिकाणी आयत्या कागदावर सह्या होतात, म्हणून आधी तो वाचायला मागा.

ती आई समितीवर गेली. पहिल्याच बैठकीत तिने विचारलं, प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, आपल्याकडे किती आहेत? मुख्याध्यापक म्हणाले, ‘पुढच्या बैठकीत सांगतो.’ तिने पुढच्या बैठकीची तारीख मागून घेतली.