कोविडमध्ये गोव्यात नोकऱ्यांचं काय झालं आणि सरकारी मदत खरंच मिळाली का?

मिळाली, पण बरीचशी कर्जाच्या रूपात, हे आधी समजून घ्या. गोव्यात २०१८ पासून खाणी बंद होत्या, म्हणजे डिचोली-साखळीकडचे ट्रकवाले आधीच घरी बसलेले, आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तसं टुरिझमही गेलं. चार्टर विमानं बंद, कळंगुट-बागाचे शॅक (किनाऱ्यावरची झोपडीवजा हॉटेलं) बंद, टॅक्सीवाले, पायलट (म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले), रेंट-अ-बाईकवाले सगळे एकदम बेकार. हॉटेलात कामाला असलेले परप्रांतीय गावी निघून गेले, जुलैत देशी पर्यटकांना परवानगी मिळाली तरी किचनला माणसं कुठे होती!

मदत म्हणाल तर रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट आणि जनधनवाल्या बायकांच्या खात्यात तीन महिने ५००-५०० रुपये, हे थेट हातात आलं. बाकी केंद्राच्या २० लाख कोटींच्या पॅकेजात मोठा वाटा कर्ज, गॅरंटी आणि आरबीआयने सोडलेल्या पैशांचा. रेपो रेट (आरबीआय बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) मे २०२० पर्यंत ४ टक्क्यांवर आणला, पण ज्याचा धंदाच बंद तो स्वस्त कर्ज घेऊन करणार काय?

मोरेटोरियमचं, म्हणजे कर्जाचे हप्ते पुढे ढकलायच्या सवलतीचं, तर विचारूच नका. आमच्या शेजारच्या टॅक्सीवाल्याला वाटलं सहा महिने हप्ते माफ, प्रत्यक्षात व्याज चालूच होतं आणि मुदत वाढली. नंतर २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर व्याजावरचं व्याज तेवढं सरकारने परत दिलं, ते किरकोळच. पीएफ काढायची सूट होती, पण तो आपलाच पैसा, त्याला मदत कसं म्हणायचं?